सदर डिस्क

आमचा कॉम्प्युटर बंद पडण्यात सगळ्यात जास्त फायदा कुणाचा होता, असं विचाराल तर माझ्या मेहुण्याचा. कॉम्प्युटर कायमचा गेला असता तर मला नवा घ्यावा लागला असता. नवा आला असता तर जुन्याचा स्क्रीन, कीबोर्ड आणि चाकांचं टेबल 'तुम्हाला आता याचं काय करायचंय, भाऊजी' या मंत्रासरशी त्याच्या घरी गेलं असतं. शिवाय दुरुस्ती चालू असेतो दोन्ही वेळचं जेवण आमच्याकडे. आणि आपल्या बहिणीने नवरा घाईत निवडला हे जे मत त्याने आमच्या लग्नापासून जपून ठेवलंय, त्याला आणखी एक पुरावा. तोट्याच्या बाजूला फक्त बसचं तिकीट. अशा माणसाच्या हातात मी आपण होऊन स्क्रू-ड्रायव्हर दिला. वारसदारालाच वैद्य नेमण्याचा हा प्रकार. पण दुसरा वैद्य फुकट येत नव्हता.

हिच्या नफा-तोट्याचा हिशेब मात्र सरळ होता. फायदा काहीच नाही आणि तोटा सगळा. ही घरी शिवणाचे वर्ग घेते. वर्गात जे जे शिकवलं त्याचं तिने बेतणीचं पुस्तक लिहिलं होतं, दोन बोटांनी टाईप करून, माऊसने एकेक आकृती काढून. कापड कसं मोडावं, गळा कसा उतरवावा, अंगाला न बसणारं माप कसं ओळखावं, सगळं. छापखान्याच्या मालकाने तिला शनिवारची सकाळ दिली होती. शनिवारी मजकूर हातात पडला तर छपाई. नाहीतर मशीनवर कॅलेंडरं चढणार, आणि एकदा कॅलेंडरं चढली की पुढच्या वर्षापर्यंत उतरत नाहीत.

बुधवारी सकाळी हिने बटण दाबलं. काळा पडदा, वर एक पांढरी ओळ, आणि आतून आवाज. कट्. जरा थांबून, पुन्हा कट्.

"काय म्हणतोय?" हिने विचारलं.

"इंग्रजीत आहे," मी म्हणालो.

"इंग्रजीत काय म्हणतोय?"

"डिस्क सापडत नाही म्हणतोय."

"ती त्याच्याच पोटात आहे ना?"

"हो."

"मग शोधायचीय काय?"

 माझ्याकडे मात्र एक तोड होती. मी खुर्चीत नीट बसलो आणि म्हणालो, "घाबरू नकोस. मी बॅकअप घेतलेला आहे."

हिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर संसारात फार क्वचित मिळते. मेहुणा येईपर्यंत मी ती उपभोगली.

दरम्यान ऑफिसात फोन केला. आमच्या साहेबांविषयी एवढंच सांगायला हवं की त्यांना पाठीचा त्रास आहे. त्यांच्या मणक्यांची माहिती ऑफिसातल्या प्रत्येकाला स्वतःच्या मुलांच्या मार्कांपेक्षा अधिक आहे. कोणता मणका कधी सरकला, कुणी काय सांगितलं, कशाचा गुण आला नाही, हे ते मीटिंगमध्ये मुद्दे संपले की सांगतात, आणि कधी कधी मुद्दे असतानाही सांगतात.

"साहेब, आज येता येणार नाही," मी म्हणालो. "डिस्क गेलीय."

 मग साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. "कधी?"

"आज सकाळी. कालपर्यंत ठीक होती. सकाळी बघतो तर उठेचना."

"आवाज येतो?"

"येतो ना. कट् कट् असा."

"अरेरे. हलवाहलव करू नका."

"जरा हलवून पाहिलं, साहेब."

"तीच चूक सगळे करतात. कुणाला दाखवलंत?"

"मेहुणा येतोय. तो उघडून बघणार आहे."

"मेहुणा सर्जन आहे?"

"नाही, पंपांच्या कंपनीत आहे. पण हात चांगला आहे त्याचा."

साहेबांनी पलीकडे जोरात खुर्ची सरकवली. मग म्हणाले, "माझं ऐका, मेहुण्याला उघडू देऊ नका. तज्ज्ञाकडे जा. रजेची काळजी करू नका, मी..." पुढचं वाक्य खालच्या ट्रकच्या हॉर्नमध्ये गेलं. फोन ठेवताना माझा ऊर भरून आला. हाताखालच्या माणसाच्या कॉम्प्युटरची इतकी कळकळ असणारा साहेब मी दुसरा पाहिलेला नाही.

मेहुणा जेवायच्या वेळेला आला. जेवला. मग कॅबिनेट आडवं घातलं, पत्रा काढला आणि आत टॉर्च मारत विचारलं, "बॅकअप घेतलाय म्हणालात. कुठे?"

"'सुरक्षित' नावाचं फोल्डर आहे. दर रविवारी न चुकता घेतो."

"आणि ते फोल्डर कुठे आहे?"

मी कॅबिनेटकडे बोट केलं. बोट केल्यावर ते तिथेच राहिलं, कारण मागे घेताना मला समजायला सुरुवात झाली होती.

मेहुणा माझ्याशी बोललाच नाही. बहिणीकडे वळून म्हणाला, "ताई, भाऊजींनी कपाटाची दुसरी किल्ली जपून कपाटात ठेवली आणि वरून कुलूप लावलं."

ही काही बोलली नाही. भाजीत मीठ कमी पडलं म्हटलं तरी त्यावर चांगली बोलणारी बाई आहे ती. त्या दिवशी फक्त उठली आणि शिवणयंत्रापाशी जाऊन बसली. यंत्र चालवलं नाही. नुसती बसली. मला वाटलं, हिने दोन शब्द सुनावावेत, म्हणजे माझाही जीव हलका होईल. पण तेवढी सोयही तिने ठेवली नाही.

मेहुण्याने डिस्क बाहेर काढली. तळहाताएवढी, जड, करड्या रंगाची. वर्षानुवर्षांची बेतणी एवढ्याशा डबीत मावते हे पाहून आम्ही दोघांनी ती आळीपाळीने हातात धरून बघितली. तेवढ्यात समोरच्या दाराचे काका आले. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत, त्यामुळे वायर असलेल्या कुठल्याही वस्तूवर त्यांचा हक्क आहे.

"थंडी द्या," काका म्हणाले. "आतला धातू आकसतो, अडकलेलं सुटतं. माझ्या पुतण्याची अशीच सुटली. फ्रीजरमध्ये ठेवायची, बाहेर काढायची, लगेच जोडायची."

मेहुण्याने तत्परतेने संमती दिली. तो इतक्या चटकन का तयार झाला हे वारसाहक्काच्या दृष्टीने तपासायला हवं होतं, पण मी घाईत होतो. डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मटारांच्या शेजारी झोपवली.

काका दारातच उभे होते, तोवर मागून काकू आल्या. हातात गरम पाण्याची पिशवी. झालं असं की, हिने छापखान्याला फोन केला तो जिन्यात उभं राहून, आणि काकूंच्या कानावर जे पडलं ते एवढंच : 'डिस्क गेलीय हो, सकाळपासून उठतच नाही, शनिवारपर्यंत काय होईल सांगता येत नाही.' काकू पाणी तापवून तडक आल्या होत्या.

"थंडी?" काकू नवऱ्याला म्हणाल्या. "डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? शेक द्यायला हवा."

"शेक दिला तर आहे तेसुद्धा जळेल."

"तुमच्या पाठीला इतकी वर्षं शेक देतेय, जळली का?"

"पाठीचा इथे संबंध काय?"

"मग डिस्क असते कुठे? गुडघ्यात?"

एवढ्यात ही स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि पदराला हात पुसत म्हणाली, "राहू द्या, काकू. पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवलीय."

काकूंनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "आणि मग हे उभे कसे?"

खुलासा झाला. काका हसले, मेहुणा हसला, हीसुद्धा त्या दिवसात पहिल्यांदा ओठांच्या कोपऱ्यातून हसली. काकू मात्र हसल्या नाहीत. आपलं पाणी फुकट तापलं याचा त्यांना राग आला. गरम पिशवी माझ्या हातात कोंबत त्या म्हणाल्या, "असू दे. आज ना उद्या लागेलच," आणि गेल्या.

फ्रीजरमधून काढलेली डिस्क जोडली. आता कट् आवाज अधिक झपाट्याने यायला लागला. थंडीने दात वाजावेत तसा. काका म्हणाले, "पुतण्याचा फ्रीज वेगळ्या कंपनीचा होता," आणि घरी निघून गेले.

गुरुवारी मेहुणा मला एका दुकानात घेऊन गेला. पाटी होती 'डिस्क क्लिनिक'. आत पांढरा कोट घातलेला मालक. त्याला सगळे डॉक्टर म्हणत, निदान तो तरी स्वतःला म्हणत असे. खिडकीत एक बाई तपासणीची फी आधी घेत होती आणि पैसे घेतल्यावरच मान वर करत होती. मागे भिंतीवर मोठ्या अक्षरांत : 'एकदा भरलेली फी परत मिळणार नाही.' खऱ्या डॉक्टरांकडेही हेच असतं. ते भिंतीवर लिहीत नाहीत इतकंच.

डॉक्टरांनी डिस्क कानाला लावली, हलवली, मग बोटाने तिच्यावरचे वाळलेल्या दवाचे डाग पुसले.

"फ्रीजमध्ये ठेवली होती?"

"हो. म्हणजे, शेजारी म्हणाले..."

"फ्रीजमध्ये कुणाला ठेवतात माहीत आहे ना? आमच्याकडे जिवंत असताना आणतात." मग त्यांनी डिस्क उलटी केली आणि त्यांचा चेहरा बदलला. मागे एक जुनं लेबल होतं. 'कार्यालयीन मालमत्ता.'

मी समजावलं. ऑफिसने जुने कॉम्प्युटर काढून टाकले तेव्हा रीतसर पैसे भरून मी हा घेतला होता.

"पावती?"

पावती होती. ती हरवू नये म्हणून मी तिचा फोटो काढून 'सुरक्षित'मध्ये ठेवला होता. हे वाक्य मी पूर्ण केलं नाही. मेहुण्याने केलं.

डॉक्टर म्हणाले, "गेल्या वर्षी एका गृहस्थाने डिस्क आणली, आम्ही उघडली, ती निघाली त्याच्या भागीदाराची. आता दोघंही माझ्याविरुद्ध कोर्टात आहेत, एकाच वकिलाकडून. मालकीचं पत्र आणा. ऑफिसच्या शिक्क्याचं. त्याशिवाय मी हिला हात लावणार नाही."

जुन्या मालाची पत्रं आमच्या ऑफिसात भांडार विभाग देतो. भांडार विभागाकडून पत्र मिळवायचं तर आधी अर्ज, मग अर्ज मिळाल्याचं पत्र, मग त्या पत्राचा संदर्भ देऊन स्मरणपत्र. तोवर कॅलेंडरंच काय, पंचांगंसुद्धा छापून झाली असती. एकच माणूस हे सगळं ओलांडून सही करू शकत होता. मी रुमालात गुंडाळलेली डिस्क पिशवीत घातली आणि शुक्रवारी ऑफिस उघडायच्या सुमाराला दोन-दोन पायऱ्या एकदम चढत साहेबांच्या केबिनशी पोहोचलो.

साहेब मला बघून उभे राहिले. हे कधी घडलं नव्हतं.

"तुम्ही? जिना चढून?" ते म्हणाले. "अहो, लिफ्ट कशाला आहे? बसा. नाही, बसू नका. बसणं सगळ्यात वाईट. भिंतीला टेका."

मी टेकलो. साहेबांनी खालचा खण उघडला आणि कमरेचा रुंद पट्टा बाहेर काढला. "हा माझा जुना. तुम्ही वापरा. मेडिकल रजा टाकलीय तुमची, चिंता नको. मला ठाऊक आहे काय होतं ते. आवाज कसा म्हणालात? कट् कट्?"

त्या क्षणी मला काकू आठवल्या, गरम पाणी आठवलं, ट्रकचा हॉर्न आठवला, आणि सगळं एका ओळीत उभं राहिलं.

आता वाचकहो, प्रामाणिक माणसाने इथे खरं सांगून टाकावं. मी तोंड उघडलंही होतं. पण खरं सांगितलं असतं तर मेडिकल रजा खोटी ठरली असती, साहेब ऑफिसभर हास्यास्पद झाले असते, आणि पत्र भांडार विभागाकडे गेलं असतं. आणि घरी ही त्या बंद यंत्रापाशी बसलेली होती. मी तोंड मिटलं. खोटं मात्र एक अक्षर बोललो नाही. फक्त थोडा वाकलो.

"साहेब, क्लिनिकवाले पत्र मागतायत," मी वाकूनच म्हणालो. "ऑफिसचं. डिस्क माझीच आहे म्हणून."

"डिस्क तुमचीच आहे म्हणून?" साहेबांनी कपाळाला हात लावला. "बघा, कुठे पोहोचलाय हा धंदा. मला मागे एकाने वडिलांच्या गुडघ्याचा रिपोर्ट मागितला होता. देऊन टाकू. त्यांना शंका घ्यायला जागाच ठेवायची नाही."

आणि त्यांनी स्वतः, एका हाताने स्वतःची कंबर धरून, मजकूर सांगितला. मी तो जसाच्या तसा देतो.

'प्रमाणित करण्यात येते की, सदर डिस्क ही सदर कर्मचाऱ्याची स्वतःची असून ती जन्मापासून त्याच्याच ताब्यात आहे. तिच्यावर या कार्यालयाचा कोणताही हक्क नाही व यापूर्वी कधीही नव्हता. तिची दुरुस्ती करणे, ती बदलणे अथवा कायमची काढून टाकणे यास कार्यालयाची हरकत नाही.'

खाली सही, वर शिक्का. मग साहेबांनी मला तो पट्टा स्वतःच्या हातांनी बांधला, शर्टावरून, आणि लिफ्टपर्यंत सोडायला आले. वाटेत सगळे सहकारी उठून उभे होते. नोकरीत इतकी वर्षं काढली, पण असा मान सरळ चालताना कधी मिळाला नव्हता. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत मी वाकलेला होतो, आणि खरं सांगायचं तर बंद झाल्यावरही, कारण पट्टा फार आवळला होता.

क्लिनिकमध्ये मेहुणा वाट बघत होता. त्याने पट्टा पाहिला आणि काही विचारलं नाही. काही प्रश्न तो जेवणाच्या वेळेसाठी राखून ठेवतो. डॉक्टरांनी पत्र वाचलं. पुन्हा वाचलं.

"'जन्मापासून' कशाला?"

"साहेब सावध आहेत," मी म्हणालो.

डॉक्टर मान हलवत आत गेले. आम्ही बाकावर बसलो. मेहुणा किल्ल्यांचं जुडगं बोटावर फिरवत होता. मी त्याच्याकडे पाहिलं तर तो स्क्रीनचा, टेबलाचा विचार करत असेल असं मला वाटलं, पण तो पुटपुटला, "ताईने ती गळ्याची आकृती माझ्यासमोर काढली होती. पुन्हा पुन्हा पुसत होती." माणूस वारसदार असला तरी भाऊही असतो, ही नोंद मी हिशेबात उशिरा घेतली, म्हणून इथे घेतो.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला होता. मी बाकावरून उठलो.

"काहीच नाही," ते म्हणाले.

"काहीच उरलं नाही?"

"काहीच झालेलं नाही. ठणठणीत आहे. मी माझी वायर लावली, लगेच चालू झाली. तुमच्या कॅबिनेटमधली वायर ढिली आहे. हिला पुरेशी वीज मिळत नव्हती. बिचारी उठायची, पडायची, पुन्हा उठायची. तोच आवाज." मेहनत करायची संधी हुकल्याचं दुःख त्यांना लपवता येत नव्हतं. "फी मात्र परत मिळणार नाही."

मी तिथूनच घरी फोन लावला. "मिळालं," मी म्हणालो. "सगळं आहे."

हिला विश्वास बसला नाही. 'आहे' हा शब्द मी बॅकअपच्या बाबतीतही वापरला होता. "बाहीचं प्रकरण आहे का बघा," ती म्हणाली.

डॉक्टरांच्या स्क्रीनवर मी शोधलं. "आहे."

"पहिली ओळ वाचा."

मी वाचली. "'बाही नेहमी मुंढ्यापेक्षा थोडी सैल बेतावी. उरलेलं कापड चुणीत घालता येतं. कमी पडलेलं कुठून आणणार?'"

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"तीच आहे," ती म्हणाली.

"पुढे वाचू?"

"नको. आधी कॉपी करा. दुसऱ्या कशावर तरी. आणि तुम्ही नका करू, त्याला करू दे."

हे ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. बोलायला लागली होती. मेहुण्याने त्याच्या किल्ल्यांच्या जुडग्यातल्या पेन ड्राईव्हवर पुस्तक घेतलं, आणि शनिवारी सकाळी छापखान्याचं शटर वर जाताना ही ते हातात धरून खाली उभी होती. कॅलेंडरांना थांबावं लागलं.

सोमवारी मी ऑफिसात गेलो. सरळ. साहेबांनी मला चालताना पाहिलं, बसताना पाहिलं, खाली पडलेली टाचणी उचलताना पाहिलं. मग केबिनमध्ये बोलावून दार लावलं.

"ऑपरेशन?"

"नाही, साहेब. नुसती तपासली. म्हणाले, दोष नाही, वीज पोहोचत नव्हती."

"वीज," साहेब म्हणाले. "नसांमधली. मला आजवर एकानेही हे सांगितलं नाही. पत्ता द्या."

मी पत्ता देईना. डॉक्टर गावाला जातात म्हणालो, गर्दी असते म्हणालो. पण पत्र ज्याच्या नावे लिहिलं त्याचा पत्ता ज्याने सही केली त्याच्यापाशी असतोच.

पुढचं मेहुण्याच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तो आमच्यासाठी क्लिनिकमध्ये नवी वायर आणायला गेला होता. साहेब आले, खिडकीत फी भरली, पावती घेतली. खिडकीतल्या बाईने मान वर केली. "डिस्क आणलीय?"

"बरोबरच आहे," साहेब म्हणाले.

"द्या ना मग."

साहेब थांबले. त्यांनी भिंतीवरच्या वायरी पाहिल्या, काचेच्या कपाटात रांगेने मांडलेल्या डिस्का पाहिल्या. मेहुणा म्हणतो, माणसाच्या चेहऱ्यावर एक अख्खा आठवडा उलटा फिरताना त्याने प्रथमच पाहिला. तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. त्यांना भरलेली फी परत करता येत नव्हती आणि काम न करता घेता येत नव्हती. ते साहेबांना म्हणाले, "जरा चालून दाखवा." साहेब चालले. "वाका." साहेब वाकले. डॉक्टरांनी पावतीवर काहीतरी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावणं आलं. मी घरून निघतानाच राजीनाम्याची वाक्यं जुळवली होती. साहेबांनी ती पावती टेबलावर माझ्याकडे सरकवली. 'डिस्क तपासली. दोष आढळला नाही.'

"दोष नाही म्हणतात," साहेब म्हणाले.

"चांगलंच झालं, साहेब."

"इतके स्पेशालिस्ट झाले, कुणी लिहून दिलं नव्हतं." ते खुर्चीत जरा मागे रेलले, मग आणखी जरा. "कालपासून बरं वाटतंय. तुमच्या त्या पत्राची प्रत फाईलला लावली होती. काढून टाकलीय मी."

"बरं, साहेब."

"आणि मेडिकलच्या जागी साधी रजा टाकतो."

"टाका, साहेब."

एवढंच बोलणं झालं. आता हिशेब मिटवतो. मेहुण्याला स्क्रीन मिळाला नाही, जेवणं मिळाली. हिला पुस्तक मिळालं. माझी साधी रजा गेली आणि काकूंच्या पिशवीचं बूच कुठेतरी हरवलं, ते भरून द्यावं लागणार आहे. तपासणीची फी मी आणि साहेब दोघांनीही सारखीच भरली. माझ्या डिस्कमधून एक अख्खं पुस्तक निघालं, तरी मला ती फी जास्त वाटली. साहेबांच्या डिस्कमधून काहीच निघालं नाही, आणि त्याबद्दल ते आणखीही द्यायला तयार होते.